कडा करपा : भाताच्या एका रोगाची आणि त्याच्या प्रतिकाराची कथा

मुळशी हे नाव कानांवर पडले की इतिहासाची गोडी असलेल्या माणसाला प्रथम आठवतो तो १९२१ सालचा सत्याग्रह. नीला आणि मुळा यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीने धरण बांधावयास घेतले, रामनवमीच्या दिवशी मावळे त्या कामावर जाऊन बसले, आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्यापासून ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. अखेर भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कुलाबा जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघराकडे जाऊ लागले. तो इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो आणि सांगितला गेलाच पाहिजे.

आज मी ज्या लढाईची हकीकत सांगणार आहे तीही भाताच्या खाचरांतलीच आहे. मात्र तिच्यात मोर्चा नाही, तुरुंग नाही, घोषणा नाही. ती भाताच्या पानाच्या कडेवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींच्या दारांत, दर पावसाळ्यात लढली जाते. एका बाजूस रोगाचे जंतू असतात, दुसऱ्या बाजूस भाताचे रोप. या लढाईचे कायदे माणसाला कसे कळत गेले, ते कळताना तो कोठे चुकला आणि कोठे सावरला, हा इतिहास सुमारे १४० वर्षांचा आहे. आणि त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्या शेजारी, घाटाखाली आणि पुण्या-पिंपरीत, लिहिले गेले आहे. म्हणून तो आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. आवणी होऊन महिना-सव्वा महिना लोटलेला असतो. खाचर हिरवेगार दिसत असते. मग एखादे दिवशी वादळी पाऊस होतो, पानावर पान घासते, आणि पुढे काही दिवसांनी पानांची टोके आणि कडा पिवळट दिसू लागतात. हा पिवळेपणा नागमोडी रेघेने कडेकडेने खाली सरकतो. मागून पान वाळून पेंढ्याच्या रंगाचे होते. पहाटे अशा पानाकडे नीट पाहिले तर कडेवर दुधी, गढूळ थेंब दिसतात आणि ऊन चढल्यावर त्यांचे पिवळसर मणी वाळून राहतात. पानच वाळले तर दाणा भरायचा कशाने? लोंबी बाहेर पडते, पण झोडणीच्या वेळी हाती पळिंज अधिक येते. शेतकरी याला कडा करपा म्हणतात. भातावरचा दुसरा करपा निराळा. तो बुरशीचा, आणि त्याचे ठिपके होडीच्या आकाराचे असतात. कडा करपा जंतूंचा. दोघांचे नाव एक असल्यामुळे उपायही एकच असावा असा समज होतो, आणि तो समज महागात पडतो.

आपल्याकडे पिकाच्या रोगाची कारणे पूर्वी आभाळात शोधली जात. मळभ आले म्हणून तांबेरा पडला, वारा फिरला म्हणून करपा आला, असे म्हणत. यात हसण्यासारखे काही नाही. मळभ आणि रोग यांचे सोबत येणे शेतकऱ्याने अचूक टिपले होते. चुकले ते एवढेच, की सोबत्यालाच त्याने कर्ता मानले. युरोपातील विद्वानही याहून पुढे नव्हते. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून गेले, लाखो माणसे अन्नावाचून आणि तापाने मेली, लाखो देशोधडीला लागली. तेव्हाही कित्येक पंडित म्हणत होते की बुरशी हे कुजण्याचे फळ आहे, कारण नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने १८६१ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले की बुरशी आधी आणि रोग मागून. जंतूंची गोष्ट तर त्याहून उशिरा पटली. १८८० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस बरिल याने नासपतीच्या झाडावरील एका रोगास जंतू कारण असल्याचे दाखविले. तरीही शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड फिशर या जर्मन पंडिताने वनस्पतींना जंतूंमुळे रोग होऊच शकत नाही असा पक्ष मांडला, आणि अमेरिकेच्या अर्विन स्मिथला त्याच्याशी मोठा वाद घालावा लागला.

कडा करप्याची पहिली नोंद जपानातील. तेथे क्यूशू बेटावरील फुकुओका भागातील शेतकऱ्यांना तो १८८४ च्या सुमारास दिसला. जमीन आंबट झाली म्हणून पान वाळते, अशी तेथील समजूत होती. रोगट पानावरचे पहाटेचे गढूळ थेंब तपासले तेव्हा तेही आंबटच निघाले, त्यामुळे समजुतीला पुरावा मिळाल्यासारखे झाले! पण १९०९ च्या सुमारास टाकाइशी या संशोधकाने ते थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यांत जंतूंची दाटी पाहिली. १९२२ साली इशियामा याने त्या जंतूचे शास्त्रीय वर्णन करून त्याला नाव दिले. नंतर त्याची गणना झँथोमोनास या कुळात झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहाटे भाताच्या पानाच्या टोकाशी आणि कडेवर दिसणारा थेंब नेहमी दहिवराचाच असतो असे नाही. पुष्कळदा ते पानाने स्वतः बाहेर टाकलेले जादा पाणी असते. ते जाण्यासाठी पानाच्या कडेला बारीक छिद्रे असतात. जंतू याच छिद्रांतून आत शिरतात, किंवा वाऱ्याने पान फाटले तर त्या जखमेतून. आत गेल्यावर पाणी वाहणाऱ्या शिरांतून ते पुढे सरकतात. म्हणून रोग कडेने सुरू होतो. रोगाचे मराठी नाव बोलाभाषेतले असले तरी किती शास्त्रशुद्ध आहे पाहा.

आता आपल्या भागाकडे वळू. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील वनस्पतिरोगांच्या अभ्यासाचा पाया एडविन बटलर याने घातला. त्याचा मोठा ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला. तो अभ्यास मुख्यतः बुरशींचा होता. जंतूंपासून होणाऱ्या पीकरोगांच्या अभ्यासाने आपल्या देशात मूळ धरले ते पुण्यात, शेतकी महाविद्यालयाच्या परिसरात. बी. एन. उप्पल हे तेव्हा मुंबई सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते आणि एम. के. पटेल हे जंतूंच्या मागे लागलेले संशोधक. १९४८ साली पटेलांनी एका वेलीवर रोग पाडणाऱ्या नव्या जंतूचे वर्णन केले आणि त्याला उप्पलांचे नाव दिले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक असे कित्येक जंतू उजेडात आणले. परदेशातून मोठी यंत्रे येण्याचे ते दिवस नव्हते. शेतातून आणलेले पान, काचेच्या बशा, सूक्ष्मदर्शक आणि अपार चिकाटी एवढेच भांडवल होते.

१९५१ साली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, भातावर एक अनोळखी करपा दिसला. १९५९ साली एम. सी. श्रीनिवासन, एम. जे. तिरुमलाचार आणि एम. के. पटेल यांनी एका छोट्या टिपणातून जाहीर केले की हा जपानातलाच जंतुजन्य करपा आहे. हिंदुस्थानातील या रोगाची ही पहिली शास्त्रीय ओळख. यांपैकी तिरुमलाचार यांचे नाव पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सशी जोडलेले आहे. हा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. माणसांसाठी पेनिसिलीन करीत असतानाच तेथील संशोधन पिकांच्या रोगांकडेही वळले, आणि पिकांवरील बुरशी मारणारे ऑरिओफंजिन हे औषध तेथेच निघाले. ताम्हिणीच्या घाटाखाली दिसलेला रोग आणि मुळशीच्या पूर्वेस दहा-वीस कोसांत काम करणारे त्याचे अभ्यासक, असा हा योग आहे.

टिपण छापून आले, आणि फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तेव्हा रोग किरकोळ होता. १९६३ साली बिहारात शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली आणि मग देशाचे डोळे उघडले. त्यानंतरच्या काही वर्षांत बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या परदेशी जाती आल्या : तैवानची ताइचुंग नेटिव्ह-१, आणि फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेली आय. आर. ८. देशाला धान्याची निकड होती आणि या जातींनी ती मोठ्या प्रमाणात भागविली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु या दोन्ही जाती कडा करप्याला सहज बळी पडत. त्यांना नत्रखत भरपूर लागे, आणि नत्र अधिक झाले की पान लुसलुशीत होते व हा रोग बळावतो. कुलाब्याच्या खाचरातला किरकोळ पाहुणा अशा रीतीने देशभर ठाण मांडून बसला.

आपल्या तालुक्याचा मानाचा भात म्हणजे आंबेमोहर. शिजताना आंब्याच्या मोहराचा वास देणारा, म्हणून हे नाव. पण तो उंच वाढतो, पावसावाऱ्यात आडवा होतो, रोगाला टिकत नाही, आणि पिकतो थोडा. शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ ही जात दिली. तिने मावळ-मुळशीतील शेतकऱ्याला तारले. पण तिच्यामागे जुना आंबेमोहर बांधाबांधाने मागे हटला, हेही तितकेच खरे. वास आणि चव एकीकडे, पीक आणि टिकाव दुसरीकडे, असा हा पेच. तो सुटण्यासारखा आहे का, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढची कथा ऐकावी.

एका खाचरात एका जातीचा भात करपतो आणि शेजारच्या खाचरात दुसऱ्या जातीचा तरतरीत उभा राहतो, हे शेतकऱ्याने पूर्वापार पाहिले होते. त्यामागे आनुवंशिकतेचा नियम आहे हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन याने १९०५ साली गव्हाच्या तांबेऱ्यावरून दाखविले. १९४२ साली अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात हॅरल्ड फ्लोर याने जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना त्याहून सूक्ष्म गोष्ट सांगितली. प्रतिकाराचे प्रत्येक जनुक झाडात असते, तसे त्याला जुळणारे एक जनुक रोगकारकातही असते. दोघांची गाठ पडली तरच झाड सावध होते. म्हणजे रोप नुसते निबर असल्यामुळे वाचत नाही, ते शत्रूला ओळखते म्हणून वाचते. वनस्पतीला डोळे नाहीत, रक्तातून फिरणारे रक्षक नाहीत. मग ती ओळखते कशी? हा प्रश्न पुढची पन्नास वर्षे तसाच उभा होता.

त्याच्या उत्तराकडे नेणारी एक वाट आपल्या देशातून गेली. आफ्रिकेतील माली देशातला एक जंगली भात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत आणून लावला होता. खाण्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी. पण १९७७ च्या सुमारास तेथील संशोधकांच्या ध्यानात आले की कडा करप्याचा जंतू कोणत्याही प्रकारचा टोचला तरी हे गवत हार खात नाही. ते बी फिलिपाइन्सच्या संस्थेत गेले. तेथे गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे संकर करून तो गुण लागवडीच्या भातात उतरविला आणि १९९० साली त्या जनुकाचे नाव जाहीर केले : एक्सए-२१. पुढे कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली ते जनुकच वेगळे काढून वाचले.

वाचल्यावर काय निघाले? त्या जनुकावरून घडणारे प्रथिन पेशीच्या कवचात आरपार बसते. त्याचा एक भाग पेशीबाहेर चाचपत असतो, दुसरा भाग आत असतो. आणि आतला भाग एक एन्झाइम आहे, ज्याला कायनेझ म्हणतात. कायनेझचे काम एकच : दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटा कण चिकटविणे. त्याआधी १९९३ साली टोमॅटोतील असेच एक प्रतिकारक जनुक हाती लागले होते आणि तेही कायनेझच निघाले होते. दोन निरनिराळ्या झाडांत, दोन निरनिराळ्या रोगांविरुद्ध, हत्यार एकाच घाटाचे. तेव्हा हा योगायोग नव्हे हे उघड झाले.

फॉस्फेटचा कण चिकटल्याने एवढे काय होते, हे समजण्यासाठी क्षणभर शेतीच सोडून जावे लागेल. १९५५ साली अमेरिकेत सिॲटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे दोघे सशाच्या स्नायूंतील एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. ते प्रथिन कधी कामास लागे, कधी निपचित पडे. त्यांना आढळले की फॉस्फेट चिकटले की ते जागे होते, काढून घेतले की निजते. नवे प्रथिन घडवावे लागत नाही, जुने मोडावे लागत नाही. खाचराच्या बांधाला तोंड असते. ओंजळभर चिखल काढला की पाणी खालच्या खाचरात धावते, पुन्हा लावला की थांबते. फॉस्फेट म्हणजे तो ओंजळभर चिखल समजावा. ही गोष्ट सशापुरती नसून साऱ्या सजीवांची आहे असे ठरले, आणि १९९२ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. सशाच्या स्नायूत सापडलेल्या किल्लीने तीनच वर्षांनी भाताच्या पानाचे कुलूप उघडले. ज्ञानाच्या क्षेत्रात उपयोगी काय आणि निरुपयोगी काय हे आधी ठरवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता पानात काय घडते ते सांगतो. जंतू शिरतो. एक्सए-२१ हा पहारेकरी त्याची खूण ओळखतो. आतले कायनेझ जागे होते आणि एका प्रथिनावरून दुसऱ्यावर फॉस्फेटची सांगी जाते. निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. बचावाची जनुके उघडतात, जंतूला मारक द्रव्ये तयार होतात, आणि त्याचा शिरांतून होणारा प्रवास तेथल्या तेथे रोखला जातो. फॉस्फेट हे येथे दवंडी पिटणाऱ्याचे काम करते.

पण गावात रोजच दवंडी पिटली जाऊ लागली तर गावाचे काय होईल? नांगर थांबेल, चूल थांबेल. रोपाचेही तसेच आहे. बचावाला अन्न लागते, आणि ते वाढीतून व दाण्यांतूनच काढावे लागते. जी रोपे कारण नसताना सतत सावध राहतात ती खुरटतात; काहींच्या पानांवर तर रोगावाचूनच डाग पडतात. २००४ साली भाताच्या अशाच एका डागाळलेल्या जातीचे मूळ सापडले. तिच्यात बचावाला आवर घालणारे प्रथिनच बिघडले होते. ती रोपे करप्याला चांगली तोंड देत, पण स्वतःचीच पाने स्वतः जाळीत.

म्हणून रोपाने पहारेकऱ्यावरही पहारे बसविले आहेत. एक्सए-२१ ला चिकटून राहणारी कित्येक प्रथिने रोनाल्ड यांच्या गटाने शोधून काढली. त्यांतले एक, शत्रू नसताना पहारेकऱ्याला बैठकीतच बसवून ठेवते. ते २०१० साली कळले. दुसरे, काम झाल्यावर फॉस्फेट काढून घेते आणि दवंडी थांबविते. ते २००८ साली कळले. तिसऱ्याची गोष्ट निराळ्या प्रकारची. पेशीत युबिक्विटिन नावाचे एक चिमुकले प्रथिन असते. नको असलेल्या प्रथिनाला त्याची चिठ्ठी लावली की पेशीतील मोडघर ते मोडून टाकते. ही चिठ्ठीची व्यवस्था उलगडल्याबद्दल इस्राएलचे अवराम हेर्श्को व आरोन चिकानोवर आणि अमेरिकेचे अर्विन रोझ यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एक्सए-२१ च्या सोबत्यांतही चिठ्ठ्या लावणारे एक प्रथिन आहे असे २००६ साली दिसले. आणि गंमत अशी की ते नसेल तर पहारेकरीच पुरेसा टिकत नाही व प्रतिकार लंगडा पडतो. वर सांगितलेल्या डागाळलेल्या भातातील बिघडलेले प्रथिनही याच चिठ्ठीवाल्यांच्या जातीचे. तात्पर्य, रोपाची ताकद नुसत्या हत्यारात नाही. ते केव्हा उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे, या विवेकात आहे.

शत्रूही हे सारे जाणून आहे. भातावरच्या बुरशीजन्य करप्याचे उदाहरण घ्या. ती बुरशी पेशीत एक प्रथिन सोडते आणि ते भाताच्या एका चिठ्ठीवाल्यालाच गाठून निकामी करते. त्यामुळे बचाव ढिला पडतो. हे २०१२ साली उघड झाले. मात्र काही जातींत याच हस्तकाला ओळखणारा आणखी एक पहारेकरी असतो. तेथे चोराची चाल चोरावरच उलटते. कडा करप्याचा जंतू तर आपली प्रथिने भाताच्या पेशीकेंद्रात धाडून साखरेच्या दारांची जनुके उघडतो आणि आपली पंगत मांडून घेतो. ते दार साखरेचे आहे हे २०१० साली कळले. ज्या जातींत त्या दाराची कडी जंतूला काढता येत नाही, त्या उपाशी ठेवूनच त्याला हरवितात.

आता या इतिहासातील एक अवघड प्रसंग सांगितलाच पाहिजे. एक्सए-२१ शत्रूची नेमकी कोणती खूण ओळखतो? २००९ साली रोनाल्ड यांच्या गटाने एका प्रतिष्ठित नियतकालिकात लिहिले की ती खूण आम्हाला सापडली. जगाने मान डोलावली. पुढे त्याच प्रयोगशाळेत नवे संशोधक आले, त्यांनी तेच प्रयोग पुन्हा केले, आणि निकाल जुळेना. शोध घेता जंतूंच्या नमुन्यांत अदलाबदल झाल्याचे निष्पन्न झाले. २०१३ साली या गटाने आपले निबंध जाहीरपणे मागे घेतले, आणि चूक कशी झाली ते बाईंनी स्वतः लिहिले. मोठेपणाला अशाने धक्का बसेल म्हणून गप्प बसणारे थोडे नसतात. परंतु चूक कबूल केल्यामुळेच वाट मोकळी झाली, आणि २०१५ साली खरी खूण हाती आली. ते जंतूचे एक छोटे प्रथिन आहे; आणि त्यावर गंधकयुक्त सल्फेटचा कण जोडलेला असेल तेव्हाच एक्सए-२१ ते नीट ओळखतो. म्हणजे पाहा, शत्रूच्या बाजूस सल्फेटचा कण आणि भाताच्या बाजूस फॉस्फेटचा कण. एवढ्याशा दोन कणांच्या फरकावर एक खाचर हिरवे राहते किंवा वाळते. जंतू हे प्रथिन बाळगतो तरी कशासाठी? तर ते वनस्पतीच्याच वाढीच्या एका निरोपाची नक्कल आहे. घरच्या माणसाचा आवाज काढून दार उघडावयास लावणारा हा चोर. आणि त्या आवाजातला फरक ओळखणारा पहारेकरी आपल्याला मिळाला तो मालीच्या रानगवतातून.

एकटा पहारेकरी मात्र फार दिवस पुरत नाही. जंतू बदलतो, खूण बदलतो, आणि एक्सए-२१ ला चकविणारे त्याचे प्रकार आपल्या देशातही आढळले आहेत. तेव्हा शहाण्यांनी निराळ्या पद्धतीचे दोन-तीन प्रतिकार एकाच जातीत एकत्र बसविण्याचा मार्ग धरला. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने २००७ साली पुसा बासमती-१ मध्ये दोन जनुके बसविली. हैदराबादच्या दोन संस्थांनी, एक भाताची आणि एक पेशीविज्ञानाची, मिळून सांबा मसुरी या लोकप्रिय बारीक तांदळात तीन जनुके आणली, आणि ती सुधारित जात २००८ साली शेतकऱ्याच्या हाती दिली. हे काम प्रयोगशाळेत जनुक घुसवून केलेले नाही; संकर करावयाचा, आणि दर पिढीत हवे ते जनुक असलेली रोपेच तपासून निवडावयाची, अशी ती पद्धत. दाण्याची प्रत तीच राहिली, टिकाव तेवढा वाढला.

यातच मघाच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. बासमतीचा वास राखून तिला कडा करप्यापासून वाचविता येते, तर वास हवा असेल तर रोग सोसा, हा काही निसर्गाचा कायदा नव्हे. मुळशीच्या आंबेमोहराला २०१६ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. हा मान मोठा, पण कागदाने पान करपावयाचे थांबत नाही. पेठेत आंबेमोहर या नावाखाली भलताच तांदूळ सर्रास विकला जातो आणि खरा आंबेमोहर लावणारा हात आखडता घेतो, ही स्थिती बदलायची तर त्या जातीला कायद्याचे संरक्षण हवे, तसेच तिच्या पानातही चांगले पहारेकरी हवेत. ते काम संशोधकाचे आहे. पण त्याने ते करावे म्हणून आग्रह धरणारा समाज हवा, आणि तो समाज म्हणजे आपण.

तोवर जे हाती आहे ते करावे. नत्रखत एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावे. रोगट खाचरातले पाणी निरोग्या खाचरात सोडू नये. बांधावरचे गवत आणि मागचे धसकट यांत जंतू दडतो, ते साफ ठेवावे. बी निरोगी लोंबीचेच धरावे. आणि घरात एखाद्या म्हातारीने जुन्या भाताचे मूठभर बियाणे गाडग्यात राखले असेल तर ते टाकून देऊ नये. मालीतले ते रानगवत कोणी निरुपयोगी म्हणून उपटून टाकले असते, तर आज या व्यासपीठावर सांगण्यासारखी अर्धी कथाही माझ्याजवळ नसती.

श्रोतेहो, १९२१ साली आपल्या वाडवडिलांनी खाचरांसाठी लढा दिला. तो ते हरले. पण जमीन कोणाची हा प्रश्न त्यांनी देशाला विचारावयास लावला. आज उरलेल्या खाचरांत त्यांचा भात टिकविणे हे आपल्या वाट्याला आलेले काम आहे. येत्या श्रावणात बांधावरून जाताना भाताच्या पानाच्या कडेवर थेंब दिसला, तर क्षणभर थांबून तो पाहावा. निवळ असेल तर रोप आपले जादा पाणी टाकीत आहे. गढूळ असेल तर त्या पानात लढाई चालू आहे, आणि तिचा निकाल पुष्कळ अंशी आपण कोणते बी पेरले यावर ठरणार आहे.